गाणं हराम की हलाल? आधी गाणं कुठलं ते बघू

लग्नसराई लागली की सोलापुरात हा प्रश्न दरवर्षी नव्याने निघतो. एका घरी मौलानांनी बजावलेलं असतं, "डीजे लावला तर निकाह पढवायला मी येणार नाही." शेजारच्या घरी कॉलेजातला पोरगा हटून बसलेला असतो, "संगीत हराम आहे असं कुराणात कुठं लिहिलंय, दाखवा." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. घोळ असा होतो की अंगाई, नात (पैगंबरांच्या स्तुतीचं गीत), ढोलक, कव्वाली, सिनेमातलं गाणं आणि ट्रकवर रचलेल्या स्पीकरचा दणदणाट हे सगळं एकाच गाठोड्यात बांधलं जातं आणि मग त्यावर एकच शिक्का मागितला जातो. फिकहच्या (शरीअतच्या नियमशास्त्राच्या) किताबांत असा शिक्का मिळत नाही. तिथे प्रश्नाचे तुकडे केलेले आहेत: शब्द काय आहेत, वाद्य कुठलं, प्रसंग कुठला, गाणारा कोण, ऐकणारा कोण, आणि त्यापायी बुडतंय काय.

हे तुकडे एकदा केले की भांडणाची जागा बरीच आक्रसते. वाद्य नाही आणि शब्द स्वच्छ आहेत, अशा गाण्याला बहुतेक फकीहांनी मोकळीक दिली आहे. खंदकाच्या लढाईआधी मदीनेत चर खणताना पैगंबर (स.) स्वतः माती वाहत होते आणि सहाबांबरोबर (आपल्या साथीदारांबरोबर) रजज, म्हणजे ठेक्यातल्या ओळी, म्हणत होते, हे बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. उंट हाकताना म्हणायची हुदा, अंगाई, मागावर बसून गुणगुणणं, हम्द, नात, सगळं यात येतं. लग्नात आणि ईदला दफ (एका तोंडाचं चामड्याचं वाद्य) वाजवणं, त्यालाही आधार पक्का आहे. दुसऱ्या टोकाला अश्लील शब्द, दारूची बैठक, बायका-पुरुषांनी मिळून नाचणं, नमाज बुडवून चाललेला जलसा. याला अगदी सैलातलं सैल मत देणाऱ्यानेही जायज म्हटलेलं नाही. मध्ये उरतं ते एवढंच: शब्द चांगले आहेत, सोबत वाद्य आहे, आणि लग्न नाही की ईद नाही. हजार वर्षं वाद चालला आहे तो या पट्ट्यापुरता. गंमत म्हणजे आपल्याकडची भांडणं मात्र बहुतेक या पट्ट्याबाहेरच्या गोष्टींवरून होतात.

फिकहच्या चार मजहबांपैकी (संप्रदायांपैकी) सोलापूरकडचे बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत. कोकणातले आपले भाऊ शाफई. म्हणून खाली हनफी किताबांतलं जास्त येईल, पण जिथे शाफई इमामांनी वेगळी वाट धरली आहे तिथे तेही सांगतो.

आधी त्या पोराचा प्रश्न. कुराणात गाण्या-वाजवण्याचं नाव घेऊन मनाई केलेली नाही, हे बरोबर. दाखला दिला जातो तो सूरह लुकमानच्या ६ व्या आयतीचा. काही लोक 'लहवल हदीस' (शब्दशः, मन रमवणारं बोलणं) विकत घेतात, अल्लाहच्या वाटेवरून लोकांना भरकटवण्यासाठी, आणि त्यांच्यासाठी अपमानाची शिक्षा आहे, असा तिचा आशय. हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (र.) यांनी शपथेवर सांगितलं की याचा अर्थ गाणं. सहाबींमधल्या तफसीरच्या (कुराणाच्या भाष्याच्या) इतक्या मोठ्या जाणकाराचं म्हणणं हलकं धरता येत नाही. पण तबरीने तफसीरमध्ये सगळी मतं मांडून अर्थ रुंद ठेवला: अल्लाहच्या वाटेवरून दूर नेणारं कुठलंही बोलणं. स्पेनमधले फकीह इब्ने हज्म (मृत्यू १०६४) तर म्हणतात, आयतीतच अट आहे, 'भरकटवण्यासाठी'; त्या हेतूने कुणी कुराणाची प्रत विकत घेतली तरी तो गुन्हेगारच ठरेल. म्हणजे एकट्या आयतीवर निवाडा होत नाही. खरा भार हदीसवर (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींवर) आहे.

त्यातली सर्वांत वजनदार हदीस बुखारीत ५५९० क्रमांकावर आहे: माझ्या उम्मतीत असे लोक होतील जे व्यभिचार, रेशीम, दारू आणि मआझिफ हलाल ठरवून घेतील. मआझिफ म्हणजे वाद्यं. मनाईच्या बाजूचा युक्तिवाद सरळ आहे: 'हलाल ठरवून घेतील' म्हणजे मुळात ती हराम आहेत, आणि बसवली आहेत कुणाच्या पंक्तीत तर व्यभिचार आणि दारूच्या. इब्ने हज्म यांनी हिच्या सनदेवर (सांगणाऱ्यांच्या साखळीवर) बोट ठेवलं. बुखारींनी इथे नेहमीसारखं 'आम्हाला सांगितलं' न लिहिता 'हिशाम इब्ने अम्मार म्हणाले' असं लिहिलंय, सबब कडी तुटलेली आहे, असा त्यांचा आक्षेप. हा आक्षेप आजही मोबाईलवर फिरतो. फिरवणारे पुढचं पान उलटत नाहीत. हिशाम हे बुखारींचे उस्तादच होते, आणि इब्ने हजर अस्कलानी (मृत्यू १४४९) यांनी 'तगलीकुत तालीक' या किताबात याच हदीसच्या जोडलेल्या सनदा गोळा करून ठेवल्या आहेत. सनदेच्या मुद्द्यावर इब्ने हज्म यांची बाजू लंगडी आहे, असंच बहुतेक मुहद्दिसांचं (हदीसच्या जाणकारांचं) मत. अर्थाच्या मुद्द्यावर मात्र त्यांच्या बाजूला थोडी जागा उरते: ही चारही मिळून होणाऱ्या रंगेल बैठकीची निंदा आहे की प्रत्येकाची सुटी, यावर बोलता येतं.

आता दुसरी बाजू. ईदचा दिवस. हजरत आयेशा (र.) यांच्याकडे अन्सारांच्या (मदीनेच्या मुसलमानांच्या) दोन मुली बुआसच्या लढाईची गाणी गात होत्या, एका रिवायतीत (कथनात) दफही आहे. पैगंबर (स.) तिथेच पांघरूण घेऊन पहुडलेले. हजरत अबूबकर (र.) आले आणि रागावले, "रसूलुल्लाहच्या घरात शैतानाची बासरी?" त्यावर पैगंबर (स.) म्हणाले, "अबूबकर, राहू दे त्यांना. प्रत्येक कौमेची ईद असते आणि आज आपली ईद आहे." ही हदीस दोन्ही बाजू वापरतात, आणि दोघांचंही वाचन तपासण्यासारखं आहे. मोकळीक देणारे म्हणतात, हराम असतं तर ईदला तरी कसं चाललं असतं? ईदला दारू थोडीच चालते? मनाई करणारे म्हणतात, हजरत अबूबकर यांनी दिलेलं नाव पैगंबरांनी (स.) खोडलं नाही, फक्त आज ईद आहे एवढं कारण दिलं, म्हणजे नियम मनाईचा आणि ईद हा अपवाद. शिवाय हजरत आयेशांनी स्वतः पुस्ती जोडली आहे की त्या मुली पेशेवर गाणाऱ्या नव्हत्या.

लग्नाबद्दलही असंच आहे. अन्सारांकडे नवरी पाठवताना पैगंबरांनी (स.) हजरत आयेशांना विचारलं, काही गाणंबजावणं नव्हतं का? अन्सारांना ते आवडतं. हजरत रुबय्यी (र.) यांच्या लग्नात मुली दफवर गात असताना एकीने ओळ घेतली, 'आमच्यात असा नबी आहे ज्याला उद्याचं कळतं.' पैगंबरांनी (स.) तेवढी ओळ थांबवली, हे सोडा आणि मघाचंच म्हणा. माझ्या मते या सगळ्या मसल्यातली सर्वांत उपयोगी हदीस हीच. गाणं चालू राहिलं, दफ चालू राहिला, एक चुकीची ओळ गळली. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. दफ की ढोलक यावर तासभर चर्चा, आणि शब्दांकडे कुणाचं लक्षही नाही.

चारही मजहबांचा मुख्य कल वाद्यांच्या विरोधात आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. 'सगळं जायज आहे' असं मत इब्ने हज्म यांचं आणि आणखी मोजक्या लोकांचं. आपल्या काळात इजिप्तचे शेख शल्तूत आणि युसूफ करजावी यांनी अटींसह परवानगी दिली, पाकिस्तानचे जावेद अहमद गामिदी तेच म्हणतात. सौदीचे शेख इब्ने बाज आणि हदीसचे अभ्यासक अल्बानी ठाम मनाईच्या बाजूला. ज्याने त्याने आपल्या आलिमाचं ऐकावं. पण मधल्या पट्ट्यात सर्वांत बारकाईने काम कुणी केलं असेल तर ते शाफई इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी. 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये त्यांनी समाअवर (भक्तिभावाने गाणं ऐकण्यावर) अख्खा भाग लिहिला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ऐकणं मुळात जायज, पण पाच कारणांपैकी एकही आलं की हराम. गाणाऱ्या व्यक्तीकडे मन ओढलं जाऊन फितन्याची (वाट चुकण्याची) भीती असणं. वाद्य दारुड्यांच्या बैठकीची खूण असणं. शब्दांत अश्लीलता, कुणाची बदनामी, किंवा अल्लाह, रसूल आणि सहाबांवर खोटं असणं. ऐकणारा वासनेच्या ऐन भरात असणं. आणि पाचवं, ज्याकडे लोक बघतच नाहीत, ती म्हणजे सवय: दिवसाचा मोठा वेळ त्यातच जाणं. सकाळी अंघोळीपासून रात्री झोपेपर्यंत कानात इअरफोन कोंबलेला माणूस गजालींच्या या पाचव्या कारणात सापडतो, मग तो ऐकत काहीही असो.

वाद्यांच्या बाबतीत गजाली किती नेमके आहेत पाहा. तारांची वाद्यं आणि दारूच्या बैठकीतल्या बासऱ्या त्यांनी बाजूला काढल्या. दफ ठेवला, त्याला घुंगरं किंवा झांजा असल्या तरी. ढोलही ठेवला, फक्त 'कूबा' वगळून. कूबा म्हणजे दोन्ही तोंडं रुंद आणि कंबर बारीक असा लांब ढोल, साधारण डमरूच्या घाटाचा. का वगळला? त्या काळी तो ठरावीक बदनाम बैठकीत वाजायचा म्हणून. आपला ढोलक बरोबर उलट्या घाटाचा, मधे फुगीर आणि तोंडाशी निमुळता. म्हणून गजालींच्या हिशेबाने ढोलक अडत नाही. हनफी हिशेबाने अडतो. दमिश्कचे इब्ने आबिदीन (मृत्यू १८३६) यांच्या 'रद्दुल मुहतार'मध्ये दफसुद्धा दोन अटींवर आहे: त्याला झांजा नसाव्यात, आणि तो ताल रंगवून झुलवण्यासाठी वाजवलेला नसावा. लग्नाचा गाजावाजा व्हावा एवढ्यापुरताच.

मग आपल्याकडचं कुठलं वाद्य दफ म्हणायचं? एका तोंडाचं, कड्यावर चामडं ताणलेलं, दुसरी बाजू उघडी, ही त्याची ठेवण. खंडोबाच्या जागरणातली दिमडी ठेवणीने जवळपास तीच. खंजिरीला कड्यात पितळी चकत्या असतात, म्हणजे हनफींची पहिली अट मोडली. हलगी घडणीने दफच्याच घरातली. पण ती काठ्यांनी कडाडत वाजते आणि वाजवली जाते ती पोरं नाचवायला, म्हणजे दुसरी अट मोडली. वाद्य तेच राहून वाजवण्याच्या पद्धतीने हुकूम बदलतो, तो असा. पावसाळ्यातल्या लग्नात आणखी एक अडचण येते. दमट हवेने चामडं सैल पडतं, आवाज बसतो, आणि हलगीवाले शेकोटीवर धरून ते पुन्हा ताणून घेतात, तसं दफलाही करावं लागतं. घरात हे कोण करणार म्हणून सिंथेटिक पानाचा दफ आणतात. हुकमाच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते 'दफ' म्हणून की-बोर्डवरचा ठेका लावला की. त्यात खाली बेसचा सूर चाललेला असतो आणि तो दफचा नव्हेच.

रतजग्याच्या (लग्नघरातल्या रात्रीच्या जागरणाच्या) ढोलक-गीतांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. दखनीतली ही गाणी आपला ठेवा आहेत. बंद खोलीत बायकाच गातात, ऐकणाऱ्याही बायकाच. ढोलकचा मतभेद वर सांगितलाच. हनफी घराने दफ घ्यावा आणि विषय मिटवावा. गडबड तीन ठिकाणी होते. समधनीला (विहिणीला) चिडवता चिडवता शब्द घसरतात, ते आधीच गाळून ठेवावेत. मोहल्ल्यातल्या एखाद्या जाणत्या खालाला हे काम दिलं की ती बरोबर करते. दुसरं, कुणीतरी माइक लावतं आणि आवाज गल्लीभर जातो. तिसरं, पहाटेपर्यंत गाऊन फज्र (पहाटेची नमाज) बुडते. बाराच्या आत आटोपलं तर यातली शेवटची अडचण आपोआप सुटते.

डीजेचं प्रकरण वेगळं आहे. तो संगीताच्या मसल्यात येतो असं धरणं हीच गफलत. इब्ने हज्म यांचं मत घेतलं तरी तो सुटत नाही. शब्द बघा, रस्त्यावरचा नाच बघा, आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्याला होणारा त्रास बघा. 'ना स्वतः नुकसान सोसा, ना दुसऱ्याचं करा' ही हदीस इब्ने माजात आहे आणि फिकहचा अख्खा एक कायदा तिच्यावर उभा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथे दिवसा ५०. डीजे या आकड्यांच्या जवळपासही राहत नाही. वर खर्च, मुलीच्या बापाने कर्ज काढून भरलेला असेल तर त्यावर वेगळं बोलायलाच नको.

निकाहच्या दृष्टीने एक बारीक मुद्दा आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. हनफी मतात ईजाब (प्रस्ताव) आणि कबूल (स्वीकार) हे दोन्ही शब्द दोन साक्षीदारांनी एकाच वेळी स्वतःच्या कानांनी ऐकणं ही निकाहची अट आहे. मंडपाबाहेर स्पीकर गर्जत असताना साक्षीदाराने अंदाजाने मान डोलावली तर प्रश्न निकाहच्या मुळाशी जातो. म्हणून काजीने आवाज बंद करायला सांगितलं तर त्याला हट्टी म्हणू नये. शब्द नीट ऐकू आले असतील तर मात्र बाहेर डीजे होता म्हणून निकाह मोडत नाही. निकाह झाला, गुनाह वेगळा. 'डीजेच्या लग्नाचा निकाह होत नाही' हे मी अनेकांच्या तोंडी ऐकतो, त्याला आधार नाही.

व्यवहारात हे थांबवायचं तर वरातीच्या दिवशी थांबत नाही. मंगनीतच दोन्ही समधींनी बोलून घ्यावं. मागणी बहुतेक वेळा नवऱ्याच्या दोस्तांची असते आणि वडीलधारे "पोरांची हौस आहे, भाईजान" म्हणून सोडून देतात. शादीखाना किंवा मंगल कार्यालय ठरवताना साउंड सिस्टीम पॅकेजमध्येच आहे का ते विचारावं, आणि असेल तर फक्त खुतब्यापुरता (निकाहच्या प्रवचनापुरता) माइक असं पावतीवर लिहून घ्यावं. विसार एकदा दिला की परत मिळवताना दमछाक होते, म्हणून बँडवाल्याला विसार देण्याआधी मौलानांची अट विचारून घ्यावी. वरातीच्या वाटेत मशीद, दवाखाना आणि इशाच्या (रात्रीच्या) नमाजची वेळ कुठे येते ते आदल्या दिवशी बघावं. हौसेला वाव हवा असेल तर नात पढणारी दोन चांगली पोरं आणि एक दफ, एवढ्यात मांडव भरतो.

पाहुण्याचं काय? बोलावणं आलंय, नातं जवळचं, आणि तिथे गाणं चालू. यावर 'हिदाया' या हनफी किताबात (लेखक मरगीनानी, मृत्यू ११९७) इतकं तपशीलवार उत्तर आहे की ते आजच्या कार्यालयात उभं राहून लिहिल्यासारखं वाटतं. तिथे गेल्यावर कळलं की गाणंबजावणं आहे, तर बसून जेवायला हरकत नाही. दावत कबूल करणं सुन्नत आहे आणि दुसऱ्याच्या चुकीपायी सुन्नत सोडू नये. थांबवायची ताकद असेल तर थांबवावं, नसेल तर सबर. पण गाणं अगदी जेवणाच्या दस्तरख्वानावरच चालू असेल तर बसू नये. आधीच माहीत असेल तर जाऊच नये. आणि ज्याच्याकडे बघून लोक चालतात अशा माणसाने, थांबवता येत नसेल तर, उठून जावं. त्याचं बसणं म्हणजे लोकांच्या नजरेत परवानगी. इमाम अबू हनीफांचं वाक्यही तिथे आहे: "मी एकदा या बलेत सापडलो, तेव्हा मी सबर केला." हिदायाकार लगेच जोडतात की ही गोष्ट ते लोकांचे पुढारी होण्याआधीची. आणि 'बला' म्हणाले याचाच अर्थ त्यांच्या लेखी ते हराम होतं. एकाच मांडवातून मौलाना उठून जातात आणि मामू बसून बिर्याणी खातात, यात ढोंग नाही. दोघांना हुकूमच वेगवेगळा आहे.

कव्वालीवर येऊ. सोलापूरहून गुलबर्गा जवळ, बंदेनवाजच्या उरुसाला इथून माणसं जातात, त्यामुळे हा प्रश्न घरचाच. चिश्ती बुजुर्गांनी समाअ ऐकला हे खरं. पण कुठल्या अटींवर? 'सियारुल औलिया'त हजरत निजामुद्दीन औलिया (मृत्यू १३२५) यांच्या चार अटी आहेत: गाणारा प्रौढ पुरुष असावा, पोरगा किंवा बाई नसावी, ऐकणारा अल्लाहच्या आठवणीने भरलेला असावा, गायचं ते फालतू आणि अश्लील नसावं, आणि चंग, रबाब अशी वाद्यं मध्ये नसावीत. तिथलाच एक प्रसंग आहे. काही दरवेश वाद्यांच्या मैफलीत झुलले असं कुणीतरी हजरतांना सांगितलं. ते म्हणाले, त्यांनी बरं केलं नाही. त्या दरवेशांचं उत्तर आलं, आम्ही समाअमध्ये इतके बुडालो होतो की वाद्यं आहेत हे कळलंच नाही. हजरत म्हणाले, हे काही उत्तर नव्हे, असं तर प्रत्येक गुनाहबद्दल सांगता येईल. आजची हार्मोनियम-तबल्याची, नोटा उधळण्याची कव्वाली या चार अटींत कुठे बसते ते ज्याने त्याने बघावं. देवबंदी उलेमा तिला नाजायज म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक. पण बरेलीचे अहमद रजा खान (मृत्यू १९२१) यांचाही फतवा वाद्यांसह कव्वाली हराम असाच आहे, हे सांगितलं की आपल्याकडे भुवया उंचावतात. ज्या दोन मस्लकांचं (विचारपंथांचं) सलामच्या पद्धतीवरूनही जमत नाही त्यांचं इथे एकमत आहे.

'पण आपले बादशाह गायचे की' हाही एक युक्तिवाद ऐकू येतो. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह (१५८० ते १६२७) गाण्याचा शौकीन, 'किताबे नवरस' त्याचाच. मिरजेत तंबोरे आणि सतारी पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान कारागिरांनीच घडवल्या, आणि तिथल्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. हा आपला इतिहास आहे आणि अभिमान वाटावा असाच आहे. शरीअतची दलील मात्र बादशाहाच्या वागण्यावरून निघत नाही. औरंगजेबाने दरबारातलं गाणं बंद केलं यावरूनही नाही.

फॉरवर्डमध्ये फिरणाऱ्या काही गोष्टी दोन्ही बाजूंनी गाळून टाकायला हव्यात. 'गाणं ऐकणाऱ्याच्या कानात कयामतीला वितळलेलं शिसं ओतलं जाईल' ही हदीस मुहद्दिसांनी बातिल (खोटी) ठरवली आहे. सहीह हदीसमध्ये ही शिक्षा आहे, पण लोकांना नको असताना त्यांचं बोलणं चोरून ऐकणाऱ्याला. दरवाजाआड कान लावणाऱ्यांनी ती आधी वाचावी. 'गाण्याने दिलात निफाक (ढोंगीपणा) उगवतो' हे इब्ने मसऊद (र.) यांचं वचन म्हणून पक्कं आहे, पैगंबरांचं (स.) म्हणून कमजोर. दुसरीकडे, 'हजरत दाऊद वीणा वाजवायचे असं कुराणात आहे' हे कुराणात नाही. तिथे डोंगर आणि पाखरं त्यांच्याबरोबर तस्बीह (अल्लाहचं गुणगान) करत, एवढंच आहे. गाणं ऐकून वुजू (नमाजआधीची शुद्धी) तुटत नाही, रोजाही तुटत नाही. रोजाचा सवाब मात्र रिकामा होत जातो.

मोबाईलचे मसले रोजचे. चहाच्या टपरीवर, एसटीत, कारखान्यात शेजारच्या मागावरच्या रेडिओचं गाणं कानावर पडलं, त्याचा गुनाह नाही. कान देऊन ऐकलं त्याचा प्रश्न. इब्ने उमर (र.) यांनी धनगराच्या पाव्याचा आवाज आल्यावर कानांत बोटं घातली, पण सोबतच्या नाफेंना घालायला सांगितलं नाही, उलट "अजून ऐकू येतंय का?" असं विचारत राहिले. ही रिवायत अबू दाऊदमध्ये आहे; खुद्द अबू दाऊद तिला मुन्कर (न स्वीकारण्याजोगी) म्हणतात, तरी फरक समजायला ती चांगली. मशिदीत नमाजमध्ये रिंगटोन वाजली तर एका हाताने, खिशावरूनच बटण दाबून बंद करावी. एवढ्या थोड्या हालचालीने नमाज जात नाही. दोन्ही हातांनी फोन काढून स्क्रीन बघत बसलात तर जाते. आणि रिंगटोन म्हणून अजान किंवा आयत ठेवू नये: फोन उचलताना ती मध्येच तुटते, संडासात वाजते. साधी घंटी बरी. नातमध्ये मागे 'अल्लाह अल्लाह'चा तुकडा ठेक्यासारखा फिरवतात, त्यावरही अनेक मुफ्तींचा आक्षेप आहे. अल्लाहच्या नावाने तबल्याचं काम करायचं, आणि तेही अर्धं कापून.

आणि अधूनमधून जोशात येऊन वरातीचं सामान फोडायला निघणाऱ्या पोरांसाठी: हिदायात हाही मसला आहे. दुसऱ्याचा ढोल किंवा बरबत (तारवाद्य) फोडला तर इमाम अबू हनीफांच्या मते फोडणाऱ्याने वाद्य म्हणून नाही तरी लाकूड म्हणून जी किंमत होईल ती भरायची. त्यांचे शागीर्द इमाम अबू युसूफ आणि इमाम मुहम्मद भरपाई नाही म्हणतात. पण लढाईचा नगारा आणि लग्नात वाजवायला परवानगी असलेला दफ फोडला तर भरपाई आहेच, त्यात मतभेद नाही. आता डीजेवाल्याचा स्पीकर बघा. आज त्यावर गाणं आहे, उद्या त्याच स्पीकरवर धार्मिक जलशाची तकरीर (प्रवचन) असते. जायज कामाला येणारी वस्तू आहे ती. फोडलीत तर माझ्या समजुतीप्रमाणे पूर्ण पैसे भरावे लागतील, आणि पोलीस ठाण्यात बसावं लागेल ते वेगळंच.